नवा रंग दोन वर्षांत पट्ट्यापट्ट्यांनी सुटतोय – दोष रंगाचा, उन्हाचा की खालच्या पाइपाचा?

उन्हाळी (धाग्याची सुरुवात)

नमस्कार मंडळी,

गच्चीच्या कठड्यावर गोल पाइपांचं रेलिंग आहे. दोन वर्षांपूर्वी मी ते स्वतः रंगवलं. घाई अजिबात केली नव्हती. सगळं पॉलिश पेपरने घासलं, पुसून घेतलं, रेड ऑक्साइड प्रायमरचा, म्हणजे तळाच्या तांबड्या रंगाचा, एक हात दिला आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. दर हातानंतर एक दिवस थांबलो. पहिलं वर्षभर चकाकी नुसती बघत राहावी अशी होती.

आता अशी अवस्था आहे की नख लावलं तर वीतभर लांब पट्टी प्रायमरसकट सोलून हातात येते. संत्र्याची साल निघावी तशी. आणि खरं कोडं पुढेच आहे. वेल्डिंगच्या सांध्यांपाशी गंजाचे ठिपके आलेत, पण तिथला रंग चाकूने खरवडला तरी हलत नाही. मधल्या सरळ पाइपावर गंजाचा मागमूस नाही आणि रंग सुटतोय तो नेमका तिथेच. गंज धरला म्हणून रंग सुटला, हे आजवर ऐकलेलं गणित इथे उलटं दिसतंय.

रंग चांगल्या प्रतीचा होता, डबा नवा होता. ऊन दिवसभर लागतं. मला पुन्हा रंगवायचंय, पण कारण कळल्याशिवाय ब्रश हातात घ्यायची इच्छा नाही.

दवबिंदू

ऊनच. सूर्यप्रकाशातले जे अतिनील किरण जमिनीपर्यंत पोचतात ते साधारण २९५ ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले. रंगातल्या राळेची, म्हणजे रंगद्रव्याला बांधून ठेवणाऱ्या भागाची, लांब साखळी तोडायला एवढी ऊर्जा पुरते. त्यात हवेतला ऑक्सिजन आणि ओल मिळाली की वरचा थर हळूहळू झिजतो, चकाकी जाते आणि रंगद्रव्य मोकळं पडतं. बोट फिरवलं की खडूसारखी पूड लागते ती हीच.

पांढऱ्या रंगात तर आणखी एक गंमत आहे. टायटॅनियम डायऑक्साइडचे स्फटिक दोन प्रकारांनी रंगात वापरतात, अ‍ॅनाटेज आणि रुटाइल. अ‍ॅनाटेज ऊन शोषून स्वतःच आजूबाजूची राळ जाळत सुटतो. म्हणून बाहेरच्या रंगात रुटाइल घालतात, आणि त्याच्याही कणांवर अ‍ॅल्युमिना नि सिलिकाचं पातळ कवच चढवतात. गुळगुळीत पांढऱ्या भिंतीमागे एवढा खटाटोप असतो.

तुमच्या रंगाला उन्हाने ठिसूळ केलंय. ठिसूळ झाला की सुटणारच.

रंगहात

दवबिंदू, माहिती अगदी बरोबर आहे, पण या पेशंटला तो आजार नाही. ऊन वरून खातं. वर्षाला मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, हिशोबात खातं. त्याने रंग फिका पडेल, खडू सुटेल, बारीक तडे जातील. अखंड पट्टी प्रायमरसकट सुटते तेव्हा बिघाड तळाशी झालेला असतो आणि रंगीत थरातून ऊन तिथवर पोचत नाही.

मी कारखान्यातल्या टाक्या, पूल, पाइपलाइनी यांच्या रंगकामावर बरीच वर्षं काढली आहेत. तिथे पहिली शिकवण हीच मिळते की उडालेल्या पोपड्याची चकचकीत बाजू बघू नका, पाठ बघा. पाठीवर गंज चिकटून आला, तर रंग लोखंड सोडून गंजावर बसवला होता. पाठ दुसऱ्याच रंगाची आणि गुळगुळीत निघाली, तर दोन हातांमध्ये धूळ, तेल किंवा जास्त दिवस गेले. पाठीवर बारीक फोडांची नक्षी असेल, तर खाली क्षार राहिले होते.

या शेवटच्या प्रकारातलं एक दृश्य मी विसरलेलो नाही. टाकीच्या आतल्या नव्या लेपावर फोड आले होते, आणि त्या फोडांचा मिळून चक्क माणसाचा पंजा उमटला होता. पाच बोटं, तळवा, सगळं. रंग देण्याआधी कुणीतरी घामेजला हात साफ केलेल्या पत्र्याला टेकवला होता. घामातलं मीठ लेपाखाली अडकलं. कुठलाही लेप पाण्याची वाफ थोडीफार आत घेतोच. मिठाने ती ओढून घेतली, तिथे पाणी साचलं आणि लेप उचलला गेला.

उन्हाळी, तुम्ही एक पट्टी सोला, तिची पाठ भिंगातून बघा आणि सोललेल्या जागी पाइप कसा दिसतो तेही सांगा.

लाकूडवेडा

पोपड्याची पाठ बघायचा सल्ला लाकडालाही तितकाच लागू आहे, म्हणून मध्ये घुसतो.

बाहेर ठेवलेल्या एका बाकाला मी पारदर्शक वॉर्निश दिलं होतं. चार हात. लाकडाचे रेषे इतके सुंदर दिसत होते की त्यावर रंग मारणं जिवावर आलं. दीड वर्षात वॉर्निशचे पापुद्रे उठले. एक पापुद्रा उलटा करून पाहिला, तर वॉर्निश स्वतः धडधाकट, आणि पाठीवर करड्या रंगाचे बारीक बारीक तंतू चिकटलेले. ते तंतू लाकडाचे होते! वॉर्निशची पकड सुटलीच नव्हती. ज्याला धरलं होतं तेच खाली मेलं होतं.

कारण असं की लाकडाच्या पेशींना जोडून ठेवणारं लिग्निन अतिनील किरण जोरात शोषतं आणि तुटतं. पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं, लाकडाचा सर्वांत वरचा थर सैल होतो आणि वॉर्निश त्या सैल थराला घट्ट धरून राहतं. रंगीत लेप टिकतो, कारण रंगद्रव्य खालच्या लाकडावर छत्री धरतं. कोरं लाकूड रंगवण्याआधी काही आठवडे उन्हात नुसतं पडून राहिलं तरी रंगाची पकड कमी होते. मी हल्ली ताज्या रंध्याच्या दिवशीच पहिला हात देतो.

आणखी एक, फळीचं कापलेलं टोक. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि बाजूच्या मानाने कितीतरी जास्त पाणी तिथून शिरतं. दाराच्या खालच्या कडेला कुणी ब्रश लावत नाही, कारण ती दिसत नाही. दार कुजायला सुरुवात होते ती तिथूनच.

उन्हाळी

रंगहात, सांगितलंत तसं केलं. दहापट भिंग होतं घरात.

पट्टीची पाठ तांबडी आहे, म्हणजे प्रायमर, आणि त्यावर पिठासारखी पांढरी पूड बसलेली आहे. गंज कुठेच नाही. पट्टी वाकवली की कडकन तुटते. सोललेल्या जागी पाइप राखाडी दिसतो, आणि तिरप्या उजेडात त्यावर थंडीत काचेवर उमटतात तशी मोठमोठी पाकळ्यांची नक्षी आहे. लोहचुंबक चिकटतं, म्हणजे लोखंडच असणार ना?

रंगहात

सापडलं. तो जीआय पाइप आहे, लोखंडावर जस्ताचा मुलामा. लोहचुंबक चिकटणारच, कारण आत लोखंड आहे. वरचा मुलामा मायक्रॉनमध्ये मोजावा एवढाच असतो. पाकळ्यांची नक्षी म्हणजे गोठलेल्या जस्ताचे स्फटिक.

आता तुमच्या कोड्याचा उलगडा. साधा ऑइल पेंट आणि नेहमीचा रेड ऑक्साइड प्रायमर, दोन्ही अल्किड जातीचे. अल्किड म्हणजे तेलातल्या मेदाम्लांना सोबत घेऊन केलेली राळ. जस्ताच्या पृष्ठभागावर ओल पोचली की जस्ताचे अल्कधर्मी क्षार तयार होतात. तेल आणि अल्क एकत्र आले की काय होतं? साबण. तुमच्या प्रायमरच्या तळाशी दोन वर्षं जस्ताचा साबण तयार होत होता. त्याने थर कडकही होतो आणि पकडही सुटते. पांढरी पूड ही जस्ताच्या झिजेची.

वेल्डिंगच्या सांध्यांवर रंग का टिकला? जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं. वेल्डिंगच्या आचेने सांध्याभोवतीचं जस्त जळून गेलं आणि तिथे उघडं लोखंड राहिलं. उघड्या लोखंडावर रेड ऑक्साइड छान बसतो. म्हणून तिथे रंग घट्ट. आणि जस्ताचं राखण गेलं म्हणून गंजाचे ठिपकेही तिथेच. तुम्ही पाहिलेल्या दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे.

ताज्या सिमेंटच्या गिलाव्यावर ऑइल पेंट मारला की हेच होतं. ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो, साबण व्हायला याहून चांगली जागा नाही.

उन्हाळी

वाचून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. घासण्यात मी दोन रविवार घातले होते!

मग जस्तावर रंग द्यायचाच नाही का?

रंगहात

द्यायचा, पण तळाचा हात तेलाचा नको. सुटणारा रंग पूर्ण काढा, अर्धवट ठेवू नका. जुन्या वास्तूतला रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तिथे कोरडं घासून धूळ उडवू नये. तुमचा नवा आहे, तरी तोंडाला मास्क बांधाच. मग थोडा अमोनिया टाकलेल्या पाण्याने नायलॉनच्या घासणीने घासून पांढरी पूड काढा (त्यात ब्लीच चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो), स्वच्छ पाण्याने धुऊन सुकवा. त्यावर जस्तासाठीचा एच (etch, पृष्ठभाग किंचित खाऊन पकड धरणारा) प्रायमर किंवा दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर. एपॉक्सी उन्हात खडू होतो, म्हणून तो उघडा ठेवायचा नाही. वर पॉलियुरेथेनचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा हात हवा. पॉलियुरेथेन घेताना अ‍ॅलिफॅटिक जातीचं बघा. अ‍ॅरोमॅटिक उन्हात पिवळं पडतं.

वर्ष दीड वर्ष पाऊस-ऊन खाल्लेलं जस्त नव्या जस्तापेक्षा रंगाला बरं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्यावर जस्ताच्या कार्बोनेटचा दाट, चिवट थर बनतो. मात्र तो बनायला मध्येमध्ये सुकणं लागतं. नवे पत्रे एकावर एक रचून ओलसर जागी ठेवले तर पांढरा भुसभुशीत गंज येतो, कारण आत हवा खेळत नाही.

दवबिंदू

उन्हावर खापर फोडायची घाई केली, मान्य. पण आता पाण्याबद्दल बोलतो, कारण तुमच्या पाइपाच्या तळाला ते पाणी आलं कुठून हा प्रश्न राहतोच. सगळे पावसाकडे बघतात. मी दवाकडे बघतो.

निरभ्र रात्री उघडी वस्तू आकाशाकडे उष्णता फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश थंड होते. गाडीचं छप्पर पाऊस नसतानाही पहाटे ओलं असतं ते यामुळे. पावसाचं पाणी वाहून जातं, जाताना धूळ-मीठ धुऊन नेतं. दव तिथेच बसतं. पातळ थर असल्यामुळे त्यात ऑक्सिजन भरपूर विरघळलेला, आणि पृष्ठभागावरचं मीठही त्यातच. गोल पाइपावर ते ओघळून खालच्या बाजूला थेंबांच्या रांगेत लोंबतं आणि सर्वांत उशिरा सुकतं. उन्हाळी, पाइपाची खालची बाजू तपासलीत का?

हवेतला गंज मोजणाऱ्यांनी याला नावच दिलंय: ओल टिकण्याचा काळ. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आणि तापमान शून्याच्या वर, असे वर्षात किती तास, हे मोजायचं. पाऊस किती मिलिमीटर पडला यापेक्षा हे तास जास्त सांगून जातात.

रंगकामातही दव आडवं येतं. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा, निदान ३ अंश वर हवं, असा नियम आहे. संध्याकाळी उशिरा शेवटचा हात मारला, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलीवर तो बसतो.

पत्राकाम

मोठ्या बांधकामांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ साली उभा राहिला. बाहेरचा तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाड. त्यावर जो हिरवा थर चढला तो तांब्याच्या क्षारांचा, आणि त्यानेच पत्रा राखला. शंभर वर्षांनी दुरुस्ती करावी लागली ती आतल्या बाजूने. तांबं आणि आतला लोखंडी सांगाडा एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये लाखेत भिजवलेलं अ‍ॅस्बेस्टॉसचं कापड घातलं होतं. ते जीर्ण झालं, ओल आली, दोन धातू भिडले आणि लोखंड झपाट्याने गंजलं. १९८४ ते १९८६च्या कामात ते लोखंडी पट्टे बदलून स्टेनलेस स्टीलचे घातले. बाहेरच्या थराने कुणाला दगा दिला नाही, मधल्याने दिला.

दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १,६०० वर्षं उघड्यावर उभा आहे. त्या लोखंडात फॉस्फरस आजच्या पोलादाच्या मानाने बराच जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर लोहफॉस्फेटचा पातळ राखणदार थर जमला. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी हे उलगडून दाखवलं. पण असा थर जमायलाही पुन्हापुन्हा ओलं होणं आणि सुकणं लागतं. कॉर्टेन, म्हणजे वरच्या गंजानेच स्वतःला राखणारं पोलाद, त्याचंही तेच. उघड्या भिंतीवर त्याचा तपकिरी गंज घट्ट बसतो आणि पुढचा गंज मंदावतो; पाणी साचणाऱ्या खाचेत किंवा खाऱ्या वाऱ्यात तेच पोलाद गंजत राहतं.

आता माझ्या हातच्या कामातली गोष्ट. धार. पत्र्याची किंवा अँगलची कापलेली धार टोकदार असेल तर ओला रंग पृष्ठताणाने धारेपासून मागे सरकतो. सपाट भागावर शंभर मायक्रॉन भरले तरी धारेवर त्याचा काही अंशच उरतो. गंजाची पहिली रेघ म्हणूनच कडेने धावते. उपाय दोन. धार घासून साधारण २ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्या आणि मुख्य हाताआधी कडा, सांधे, बोल्ट यांवर ब्रशने एक वेगळा हात द्या. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच काम देतात, पण माझ्या मते ते सर्वांत जाणत्या हाताने करावं.

काचतावदान

थोडं अवांतर. गच्चीवर पॉलिकार्बोनेटचे पत्रे टाकले, तीन वर्षांत पिवळे पडून तडकले. शेजारच्या घरावरचे त्याच जातीचे पत्रे अजून स्वच्छ आहेत. हे कशामुळे?

पत्राकाम

बहुतेक उलटे बसवलेत. बऱ्याच पत्र्यांच्या एकाच बाजूला अतिनील रोखणारा थर असतो, तोही काही दशांश मिलिमीटरच्या आतला. कुठली बाजू वर ठेवायची ते त्यावरच्या प्लास्टिकच्या कागदावर छापलेलं असतं, आणि तो कागद बसवणारे आधीच फाडून टाकतात. कागद अंगावर असतानाच पेनाने कडेला खूण करावी.

खिडकीच्या फिल्मचंही सांगून ठेवतो: स्वस्त फिल्ममध्ये नुसता सेंद्रिय रंग असतो, तो उन्हात उडून जांभळी झाक राहते. आणि उष्णता शोषणारी गडद फिल्म साध्या काचेला लावली की काचेचा मधला भाग तापतो, चौकटीतली कड थंड राहते आणि कधीकधी काच तडकते. लावण्याआधी काचेचा प्रकार विचारून घ्या.

उन्हाळी

खालची बाजू तपासली. दवबिंदू म्हणाले तेच. वरून पाइप अखंड दिसतो आणि खाली हात फिरवला तर फुगवटे लागतात. सुटायला सुरुवात तिथूनच झालीय.

एक शंका. नव्या रंगाच्या डब्यावर मिठाच्या फवाऱ्यात १,००० तास टिकल्याचं छापलंय. यावर विश्वास ठेवून निवडू का?

रंगहात

ती चाचणी म्हणजे ३५ अंशांच्या बंद पेटीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचा अखंड फवारा. त्यात ऊन नाही, दव नाही, सुकणंही नाही. जस्ताला राखणारा कार्बोनेट सुकल्याशिवाय जमत नाही, त्यामुळे जस्त त्या पेटीत आहे त्यापेक्षा वाईट ठरतं. एकाच कारखान्यातला माल बॅचनुसार सारखा येतोय का, हे बघायला ती चाचणी ठीक. तुमच्या गच्चीवर किती वर्षं टिकेल याचं उत्तर त्या तासांत नाही. म्हणून रंग बनवणारे आजही नमुन्याचे पत्रे फ्लोरिडाच्या दमट उन्हात आणि अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या उन्हात वर्षानुवर्षं मांडून ठेवतात.

स्कॉटलंडमधल्या फोर्थच्या रेल्वेपुलाचंच घ्या. १८९० साली सुरू झाला, आणि न संपणाऱ्या कामाला लोक त्याच्या रंगकामाची उपमा द्यायचे. शेवटी सगळे जुने थर उघड्या पोलादापर्यंत काढून काचेच्या पापुद्र्यांचा एपॉक्सी लेप दिला, ते काम २०११ साली संपलं आणि २५ वर्षं तरी टिकेल या हिशोबाने. काचेचे पापुद्रे लेपात आडवे निजतात, पाण्याला खाली उतरताना प्रत्येकाला वळसा घालावा लागतो. पण माझ्या मते खरं यश तो लेप देण्याआधी जुनं सगळं काढण्यात आहे. ते काम सर्वांत कंटाळवाणं असतं आणि नंतर दिसतही नाही.

तुम्ही रेलिंगवरच छोटी चाचणी करा. तीन पट्टे, तीन पद्धती, आणि पाऊस-दव खाऊ द्या.

उन्हाळी (सात महिन्यांनंतर)

धागा वर काढतोय, कारण उत्तर हातात आलंय.

तीन पट्टे केले होते. पहिला नुसता घासून रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट, म्हणजे माझी जुनी पद्धत. दुसरा एच प्रायमर आणि ऑइल पेंट. तिसरा अमोनियाच्या पाण्याने धुऊन, एपॉक्सी प्रायमर आणि वर अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेन. प्रत्येकाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला ब्लेडने आडव्या-उभ्या सहा-सहा रेघा मारून चौकटी पाडल्या, चिकटपट्टी दाबून बसवली आणि ओढली.

पहिल्यात वरची बाजू शाबूत, खालच्या बाजूच्या निम्म्याहून जास्त चौकटी पट्टीबरोबर आल्या, पाठीवर तीच पांढरी पूड. दुसऱ्यात खालच्या चार-पाच चौकटींचे कोपरे उडाले. तिसऱ्यात एकही नाही.

नुसती वरची बाजू तपासली असती तर तिन्ही सारखेच उत्तीर्ण झाले असते.

उद्यापासून पूर्ण रेलिंग सोलायला घेतोय. सांध्यांवरचा गंज तारेच्या ब्रशने लोखंडापर्यंत काढून तिथे ब्रशचा वेगळा हात, पत्राकाम म्हणाले तसा. काम सकाळी दव सुकल्यावर सुरू करून ऊन उतरायच्या आत थांबवणार. आणि पाठीवर झोपून करायला लागलं तरी प्रत्येक पाइपाच्या खालच्या बाजूला आधी ब्रश लावणार.